वासुदेवरावांच्या फ्रीजरातला पिझ्झा

कारंजा घाडगेत किराणा दुकानं काही कमी नाहीत. हायवेला ट्रकवाल्यांसाठी आहेत, बाजारात आहेत, आणि आता तर मोबाईलवर बोट फिरवून घरबसल्या तेल-साखर मागवणारेही निघाले आहेत. तरी काही माणसं वाट वाकडी करून गुंडावारांच्या दुकानात येतात, ती एका माणसाच्या हट्टापायी. वासुदेवराव गुंडावार, वय सदुसष्ट. यांचा नेम असा, की जो माल आपल्या घरात शिजला नाही आणि आपण खाल्ला नाही, तो दुकानाच्या फळीवर चढायचा नाही.

नेम म्हणजे अगदी नेम. नूडल्सचे पुडे गावात नवे आले तेव्हा या गृहस्थाने घरच्यांना चार दिवस दोन्ही वेळा नूडल्स खाऊ घातले. पहिल्या दिवशी पोरं नाचली, चौथ्या दिवशी भाकरीसाठी रडली, आणि पाचव्या दिवशी पुडे फळीवर गेले. एकदा एका मसालेवाल्याचा एजंट डायरी, कॅलेंडर, पेन सगळं घेऊन आला होता. आठ दिवस त्याचा मसाला घरात भाजीत पडला. नवव्या दिवशी मसाला परत गेला आणि बरोबर कॅलेंडरही गेलं, त्यावर देवाचा फोटो असूनसुद्धा. उदबत्ती काही खाता येत नाही, म्हणून ती आठवडाभर देवापुढे लावून कोणाला खोकला येतो का ते पाहिलं. माणूस जरा अतीच होता, पण गिऱ्हाइकाला अशीच माणसं आवडतात. नवा पुडा दिसला की ते विचारत, "शेठजी, खाल्लं का?" आणि शेठजी "खाल्लं" म्हणाले की दुसरा प्रश्न नसे.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. पडद्याच्या पुढे वासुदेवराव आणि मुलगा धनंजय, मागे घरच्या बायका. हे कोणी ठरवलं होतं असं नाही. वासुदेवरावांच्या आईच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी या घरात सुरभी सून म्हणून आली. तिचं माहेर सावंगी मेघेचं. तिथे मेडिकलच्या होस्टेलांसमोर तिच्या वडिलांचं छोटंसं दुकान, आणि कॉलेजातून आली की सुरभी तिथे गल्ल्यावर बसायची. अर्धं होस्टेल तिला नावाने ओळखायचं. कोणाचा पेपर कसा गेला, कोणाचं घरी भांडण झालं, सगळं तिला ठाऊक. लग्न होऊन कारंजाला आली आणि पडद्याच्या मागे गेली. दुकानात बसू नको असं तिला कोणी म्हणालं नाही, पण ये असंही कोणी म्हणालं नाही. आणि सुरभी मागणाऱ्यांतली नव्हती. तीन वर्षांत तिने सासरी एक गोष्ट मागितली. एप्रिलच्या सुरुवातीला जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, एक डीप फ्रीजर ठेवू या का दुकानात? पिझ्झ्याचे पाकीट येतात गोठवलेले. सावंगीले तर पुरत नव्हते. इथं बी खपतीन. त्याचं सगळं मी पाहीन."

वासुदेवरावांनी होकाराची मान हलवली. नागपूरच्या वितरकाने पंधरा दिवसांच्या बोलीवर फ्रीजर पाठवला. पसंत पडला तर ठेवा, नाही तर दुसऱ्या मंगळवारी गाडी येईल तेव्हा परत द्या. आत तीन तऱ्हेचे पिझ्झे होते. एक नुसता चीजचा, एक मका-सिमला मिरचीचा, एक पनीरचा. फ्रीजर दुकानात घूं घूं करू लागला, पोरं काचेला नाक लावू लागली. सुरभी दिवसातून चार वेळा पडदा सरकवून त्याच्याकडे पाहून जाई.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ती बहिणीच्या डोहाळजेवणाला दोन दिवस सावंगीला गेली.

धनंजय गल्ल्यावर, आणि घरी मागे वासुदेवराव आणि त्यांच्या पत्नी विमलाबाई. नेम म्हणजे नेम, तेव्हा त्यांनी एक पाकीट आत आणलं. विमलाबाईंनी पिझ्झा ताटात वाजवून पाहिला. तो ठकठक वाजला.

"हे तं दगड हाये," त्या म्हणाल्या. "वितळल्याबिगर चुलीवर कसं ठेवाचं?"

"पाकिटावर लिहिलं असंन."

"लिहिलं हाये मुंगीच्या पायाएवढं. तुमी वाचा." चष्म्यातूनही वासुदेवरावांना ते वाचता आलं नाही.

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. विमलाबाईंनी पिझ्झाही तिथेच ठेवला, वर धुतलेलं पातळ धोतर झाकून, कावळ्याने तोंड घालू नये म्हणून. एप्रिलमधलं विदर्भाचं ऊन, त्याला काय कमी. दोन तासांनी कुरडया कडकडीत झाल्या आणि पिझ्झा ओल्या टॉवेलासारखा झाला. तो त्यांनी कसाबसा तव्यावर सरकवला, वर ताट झाकलं आणि मंद आचेवर वीस मिनिटं वाफ काढली. मग दोघं जेवायला बसले. वासुदेवरावांनी एक घास घेतला, तो चावला, बराच वेळ चावला. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला.

त्यानंतर दोन दिवस जो जो फ्रीजरकडे बोट दाखवी त्याला वासुदेवराव सांगत, "खाल्लं. नका घेऊ."

सुरभी परत आली तेव्हा बसस्टँडवरच तिला एका ओळखीच्या बाईने विचारलं, तुमच्या सासऱ्यांनी पिझ्झा नापास केला म्हणे? ती घरी आली, बॅग ठेवली, पाणी प्यायली. मग पडद्याशी येऊन म्हणाली, "मामाजी, मंगळवारी गाडी येईन. देऊन टाकू परत." आणि आत जाऊन कणीक मळायला बसली.

ती रडली असती, धनंजयशी भांडली असती, तर वासुदेवरावांना बरं वाटलं असतं. पण त्या दिवशीच्या पोळ्या रोजच्यासारख्याच मऊ झाल्या, हेच त्यांना लागलं. या पोरीने एकदा मागितलं, आता पुन्हा काही मागणार नाही, हे त्यांना ताटावर बसल्याबसल्या कळलं. दुपारी ते आडवे झाले, पण डोळा लागेना.

"काऊन तळमळून राह्यले?" विमलाबाईंनी विचारलं.

"मंग खोटं सांगू काय लोकाइले? चांगलं नाई थे चांगलं हाये म्हनू?"

"खोटं नका सांगू. पन खरं तरी कुठं सांगतलं? आपुन थे उन्हात वाळू घातलं, वाफेत बुडवलं, आन् मंग नावं ठेवली." विमलाबाई स्वतःचीही चूक स्वतःच्याच पदरात टाकून बोलत होत्या, ही या बाईंची खासियत. "पोरीले इचारलं का कसं कराचं? ना तुमी इचारलं, ना मी."

वासुदेवराव उठून बसले. इतक्या वर्षांत त्यांची परीक्षा पहिल्यांदा चुकली होती, आणि चुकीच्या परीक्षेचा निकाल त्यांनी सगळ्या बाजारात वाटला होता. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. सुरभी भांडी आवरत होती.

"सुरभी, मले थो पिझ्झा नीट खाऊ घाल एकदा. तू म्हनशीन तसा."

सुरभीने वळून पाहिलं. हातातलं पातेलं तिने जरा जास्तच जोरात खाली ठेवलं, आणि मग फ्रीजरकडे गेली.

मंगळवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत गुंडावारांच्या घरात जेवढा पिझ्झा शिजला तेवढा तालुक्यात शिजला नसेल. सुरभीचं पहिलं सांगणं, की वितळवायचं नाही. फ्रीजरमधून निघाला की थेट तव्यावर. वितळला की त्याचं पाणी त्याच्याच अंगात मुरतं. तसं केलं आणि निम्मं काम तिथेच झालं, खालून कुरकुरीत झाला. पण वरचं चीज कच्चंच राहिलं. झाकण ठेवलं तर चीज वितळलं, पण झाकणाचं पाणी गळून पिझ्झा पुन्हा मऊ पडला. आच वाढवली तर तळ कोळसा. धनंजय रोज बिनतक्रार दोन-दोन पिझ्झे संपवत होता आणि म्हणत होता, "मले तं चालते बावा." पण त्याचं मत घरात कोणी धरत नसे, बाकीची पोरं रडली त्या चौथ्या दिवशीही त्याला नूडल्स चालले होते.

"तुमच्या तिकडच्या पोरी कशा खात होत्या?" वासुदेवरावांनी सुरभीला विचारलं.

"भूक लागली राहे त्यायले. कसाबी खात."

"आपल्या गिऱ्हाइकाले एवढी भूक नसते. त्याले घरी वांग्याची भाजी हाये."

शनिवारी तानबा दुकानात आला. तानबाची संत्र्याची बाग जवळच्याच गावात, पण पंचक्रोशीत त्याचं नाव आहे ते रोडग्यांसाठी, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या फुगीर गोळ्यांसाठी. देवळाचा कार्यक्रम असो की शेतातली पंगत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे तर ते तानबानेच. हनुमान जयंतीच्या पंगतीसाठी तो तूरडाळ, तिखट न्यायला आला होता. वासुदेवरावांचा चेहरा पाहून त्याने कारण विचारलं, आणि कारण ऐकून गल्ल्यावर हात आपटून हसला.

"शेठजी, रोडगा कधी झाकन ठेवून शिजवता का? भाप खाते ना त्याले. खाली आर पायजे, वर बी आर पायजे, आन् मंधात थो मोकळा पायजे. तुमचा पिझ्झा म्हंजे बिनपोटाचा रोडगाच समजा."

पडद्यामागून सुरभीने हे ऐकलं. तानबा जायच्या आत तिने दोन्ही शेगड्या पेटवल्या होत्या. एकीवर जाड लोखंडी तवा, दुसरीवर लोखंडी कढई. तवा तापला की त्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरलं आणि गोठलेला पिझ्झा उघडाच ठेवला. तीन-चार मिनिटांत खालून खमंग वास आला. मग आच कमी केली, सांडशीने तापलेली कढई उचलली आणि पिझ्झ्यावर पालथी घातली. थंड झाकणाला वाफ चिकटते आणि पाणी होऊन गळते, तापलेल्या लोखंडाला ती चिकटत नाही. पाच मिनिटांनी कढई काढली. वर चीज फसफसत होतं, त्याला तांबूस ठिपके पडले होते.

"ताटात नको काढू," विमलाबाई मागून म्हणाल्या. "चाळन पालथी घाल अन् तिच्यावर ठेव. ताटात ठेवला का घाम येते, भाकरीले येते तसा."

चाळणीवर एक मिनिट. मग विमलाबाईंचा हात मोकळा सुटला. लसूण ठेचून तेलात परतला आणि ते तेल कडांना लावलं. त्यावर जवसाची चटणी भुरभुरली. सिमला मिरची आणि कांदा आधीच कोरड्या तव्यावर पाणी सुटेपर्यंत आणि आटेपर्यंत भाजून ठेवला होता, तो वर पडला. वासुदेवरावांनी एक तुकडा उचलला. तो मोडताना कट्ट वाजला. त्यांनी खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. तिसऱ्यालाही हात गेला तेव्हा विमलाबाईंनी चाळण उचलली. "आधी सांगा तं, का पोट भरूनच सांगता?"

"खाल्लं," वासुदेवराव म्हणाले. घरात इतक्या आनंदाने म्हटलेला हा शब्द बऱ्याच दिवसांत कोणी ऐकला नव्हता.

मग तिघांची तिन्ही पिझ्झ्यांवर बैठक झाली. मका-सिमला मिरचीवाला बाद, कारण गोठलेल्या मक्याचं पाणी काही केल्या आटत नाही. पनीरवाल्याला मीठ जास्त, मुलांना आवडेल, पण त्याला जवस नको. सगळ्यांत चांगला ठरला तो नुसत्या चीजचा, सगळ्यांत साधा. त्याच्यावर आपल्याला हवं ते घालता येतं, असं विमलाबाईंचं म्हणणं पडलं आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

पण सोमवारी वासुदेवराव पुन्हा पाकीट उलटसुलट करत बसले. सुरभीने विचारलं तेव्हा म्हणाले, "मी जे खाल्लं थे पाकिटात नाई ना पोरी. थे तुह्या कढईत हाये अन् हिच्या चटनीत हाये. गिऱ्हाइकाले पाकीट देऊ अन् 'खाल्लं' म्हनू, तं थे फसवनं झालं."

हट्टी माणसाचा राग येतो तो अशा वेळी, आणि सुरभीलाही आला. "मंग कृती सांगू त्यायले. पाकिटासंगं सांगू."

"सांगीन मी," वासुदेवराव म्हणाले.

मंगळवारी अकराला गाडी आली. दोघं हमाल फ्रीजरशी येऊन उभे राहिले. धनंजयने विचारलं, "काय करू बाबा?" वासुदेवराव काही म्हणणार तोच शाळेतल्या अंकिता मॅडम आल्या. त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता आणि त्याने पिझ्झ्याचा धोशा लावला होता. "शेठजी, तुम्ही तर नको म्हणाले होते?"

"तवा म्हनलो होतो. आता सांगतो, आयका." वासुदेवरावांनी घसा खाकरला. "कढईत ज्वारीचं पीठ टाकजा. त्याच्यात थो पिझ्झा ठेवजा. वरून तवा..." ते थांबले. "नाई. आधी पीठ तव्यावर. मंग चाळन तापवजा..."

हमाल एकमेकांकडे पाहू लागले. मॅडम गोंधळल्या, तरी मान डोलावत राहिल्या.

"मामाजी, कढई तापवाची! चाळन नाई!" पडद्यामागून आवाज आला. "मॅडम, तवा खाली, कढई वर, पालथी. दोनी गरम पायजे."

मॅडम पडद्याकडे वळल्या. "किती मिनिटं?"

"आधी चार मिनिटं उघडा. मंग पाच मिनिटं कढईखाली. घरी लोखंडी तवा हाये का तुमच्या?"

"नॉनस्टिक आहे."

"मंग कढई तरी लोखंडी घ्या, अन् आच कमी. पोराले तिखट चालते का?"

प्रश्न इकडून, उत्तर पडद्यातून. गिऱ्हाईक कापडाशी बोलत होतं आणि वासुदेवराव मध्ये नुसते उभे होते. पडद्याच्या कडेला सुरभीची चार बोटं दिसत होती, कापड घट्ट धरलेली. तीन वर्षं ही मुलगी अशी धरून उभी असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ती त्यांना तिथल्या तिथे वाटली, सगळ्यांसमोर, आणि त्यांनी ती लपवलीही नाही.

"सुरभी," ते म्हणाले, "भाएर ये. पडद्यातून काय बोलते."

मग सुरभी बाहेर आली, ओढणीला हात पुसत. वासुदेवराव गल्ल्याच्या गादीवरून बाजूला सरकले. तिने फ्रीजर उघडला, मॅडमना साध्या चीजची दोन पाकिटं काढून दिली आणि मक्याच्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाली, "हे नका नेऊ, पाणी सुटते." मॅडम हसल्या. गाडी रिकामी गेली.

पंधरा दिवसांत दुकान सुरभीच्या आवाजाला सरावलं. कोणी पाकीट नेलं की दुसऱ्या दिवशी येऊन कसा झाला ते सांगू लागलं. कोणाचा तळ जळला तर ती आधी शेगडी कोणती ते विचारी. फ्रीजरचा माल आता ती स्वतः मागवते, मक्याचा मागवत नाही. वासुदेवराव दुपारी घरात चहाला येऊ लागले, ते आयुष्यात पहिल्यांदा. चहा पिताना त्यांचे कान मात्र बाहेरच असत.

अशाच एका दुपारी बाहेर मंदाबाई आल्या होत्या. त्यांना नवा तांदूळ घ्यायचा होता आणि खिचडीला चालेल का ते विचारायचं होतं. सुरभी म्हणाली, "थांबा, आईले इचारते," आणि पडद्यातून डोकं आत घातलं. "आई, या ना जरा."

विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वासुदेवरावांनी कपाकडे पाहिलं. मग विमलाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या.

आत वासुदेवरावांना सगळं ऐकू येत होतं. "हा मोकळा भात नाई व्हत," विमलाबाई सांगत होत्या, "पन खिचडीले झकास. पानी जरा जास्त घालजा. आधी अर्धा घंटा भिजू देजा. अन् थंडा खाऊ नका, घट्टा होते." बोलताना त्या अडखळल्या नाहीत, आठवावंही लागलं नाही. वासुदेवरावांच्या हातातला कप तसाच राहिला. हेच शब्द ते गेल्याच आठवड्यात दहा जणांना बोलले होते. तांदळाचे, रव्याचे, चहापत्तीचे, मसाल्याचे, असे हजार शब्द ते चाळीस वर्षं बोलत आले होते. घास ते खात होते खरे, पण त्यांना "हूं"च्या पुढे कधी सुचलं नव्हतं. पुढचं सगळं ताटावर बसल्या बसल्या विमलाबाई सांगायच्या.

बाहेर मंदाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी तं अगदी शेठजीसारखंच सांगता वो!"

वासुदेवराव कप ठेवून उठले आणि पडदा सरकवून दारात उभे राहिले.

"थे माह्यासारखं नाई सांगत, मंदाबाई," ते म्हणाले. "इतके वर्स मीच तिच्यासारखं सांगत होतो."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे न पाहता तांदळाच्या पोत्याचं तोंड नीट दुमडलं. त्यांचे डोळे भरले होते. मग वासुदेवराव आत जाऊन एक खुर्ची घेऊन आले आणि ती त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवली.